कोळसुंद्याच्या बाजूने

एक मिनिट बावन्न सेकंद.
तेवढ्यावर निकाल लागला दांडेकर पुलापाशी,
माझ्याच गॅरेजात, माझ्याच स्टुलावर बसून,
माझाच चहा पीत.

भडसावळे म्हणाले, गेला. कोळसुंदा कामातून गेला.
मुखवटा बघा, इस्त्री केल्यासारखा.
शर्विल म्हणाला, नटाला हनुवटीच नाही,
आणि सायकल कुठाय? मोटारसायकल दिलीय त्याला!
शितावरून भाताची परीक्षा, काका.

अरे, झाकण अजून कोणी काढलेलं नाही.
तुझ्या बोटात आहे ते
शिजायच्या आधीच पातेल्याबाहेर सांडलेलं.
कच्चंच लागणार.

मी सिनेमावर बोलायला लागलो की
लोक आधी माझ्या नखांकडे बघतात.
बघा.
पण एक्केचाळिसाव्या सेकंदाला थांबवा जरा.
लकडी पुलाच्या कठड्याला टेकवलेली ती गाडी,
तिच्या सायलेन्सरचा जोड.
हातानं वेल्डिंग केलंय ते, थोडं वाकडं,
मग कानशीनं घासलंय
आणि घासूनही थोडं वाकडंच ठेवलंय,
कारण अशा माणसाची गाडी अशाच माणसानं जोडलेली असणार.
कोणीतरी रात्र काढलीय त्या जोडापाशी.
नुसते पैसे काढायचे असते
तर रंग मारून मोकळा झाला असता.

लाटकर बाई पंक्चरसाठी थांबल्या होत्या.
म्हणाल्या, चोराला नायक करायचं, मग पोरं बिघडणार नाहीत तर काय?

बाई, मी पुस्तकाच्या आधीच बिघडलो होतो.
नववीत गणितात अकरा मार्क.
पेरूगेटजवळ चित्र्यांचं वाचनालय, दिवसाला चार आणे,
आणि माझ्या शर्टात खुपसलेले कोळसुंद्याचे तीन अंक,
सत्तावीस, अठ्ठावीस, तीस.
(एकोणतीस आजवर मिळाला नाही.)

अठ्ठाविसाव्यात तो सावकाराची तिजोरी फोडतो
आणि अंधारात भलत्याच घराच्या खिडकीतून पैसे टाकतो.
शेवटच्या पानावर मुठेच्या काठी बसलेला,
मुखवटा गुडघ्यावर,
आणि फुग्यात दोनच शब्द, चूक झाली.
भाषण नाही. सूर्योदय नाही.
नायकाला चुकताना तोवर मी पाहिलंच नव्हतं.
बाकीचे सगळे आमच्या वर्गातल्या पहिल्या नंबरासारखे.

आठवड्यानं अंक परत ठेवायला गेलो, भीत भीत.
चित्र्यांनी वही माझ्याकडे फिरवली.
माझ्या नावापुढे तिन्ही अंक
आधीच जमा.
त्यांच्या अक्षरात, त्याच दिवसाच्या तारखेनं.
काही बोलले नाहीत. दंडाचा फलक तेवढा सरळ केला.

तर बाई, पोरं कशानं बिघडतात
ते मला खरंच माहीत नाही.

मुखवट्याचं मात्र भडसावळे बरोबर बोलतात.
मलाही नाही आवडला.
मूळचा काळा नव्हताच तो, छपाई स्वस्तातली,
शाई सरकलेली, म्हणून डाव्या कडेला
एक तपकिरी रेघ सुटायची.
आम्हाला वाटायचं, तो थकलाय.
ती रेघ आता कुठून आणणार ते?
पण नटाचा डावा डोळा बघा, शेवटच्या सेकंदाला.
मला वाटतं, तिथं आहे.
वाटतं म्हणालो. शपथ घेत नाही.

पडला तर पडेल.
मीच शिव्या घालीन मग, पोटभर,
माझ्या तिकिटाच्या पैशाच्या, शुक्रवारी रात्री,
बाहेर पार्किंगमध्ये उभं राहून.
आज नाही.

आणि शर्विल, हनुवटीवाल्या,
तुझी स्कूटर बघ खाली, वर्तमानपत्रावर.
पिस्टन इथं, कार्बोरेटर तिथं, तीन नट माझ्या खिशात.
मी म्हणालो का तुला, ही चालत नाही?

दहाचा पाना दे इकडे.